बोलका फळा आणि साळुंकीबाईंचे मत

एका जंगलात सगळे काही होते, मुलांनो. झाडे होती, नदी होती, वारुळे होती, आणि शिक्षण खातेसुद्धा होते. खाते म्हटल्यावर असे दचकू नका. गोष्टीच्या शेवटी सगळ्यांचे भले होते. निदान खात्याचे तरी होतेच.

त्या जंगलात ऐनाच्या एका उंच झाडाखाली शाळा भरायची. शिक्षक नऊ. मुख्याध्यापक होते सांबरसर. त्यांची शिंगे भलतीच मोठी होती, त्यामुळे मान कायम खाली असे. कुठलाही कागद आला की ते म्हणत, "वरून आलंय." एवढे म्हटले की चर्चा संपत असे.

इंग्रजी शिकवायला होत्या साळुंकीबाई. पिवळी चोच, पिवळे पाय, आणि आवाज म्हणाल तो. साळुंकीच ती! एकदा कानावर पडले की चोचीत बसलेच. जंगलात माणसांच्या जीपगाड्या यायच्या. त्यातल्या गाईडचा खोकला, ड्रायव्हरचे घोरणे, पाहुण्यांचे इंग्रजी, सगळे त्यांना तोंडपाठ होते. वाटेकडेच्या पळसावर बसून बसूनच त्या इंग्रजी शिकल्या होत्या. जंगलात दुसऱ्या कुणाला ती भाषा येत नव्हती.

आता जंगलाला इंग्रजी कशाला, असे तुम्ही विचाराल. विचारा, विचारा. सिंहमहाराजांमुळे.

एकदा महाराज वाटेत आडवे पडले होते. जीपमधल्या एका बाईने त्यांना पाहिले आणि ती किंचाळली, "हाउ क्यूट!" महाराज चार दिवस जेवले नाहीत. हा मान की अपमान, तेच कळेना. दरबारात विचारावे, तर प्रत्येकाने मान डोलावली आणि प्रत्येकाने वेगळाच अर्थ सांगितला. शेवटी महाराजांनी फर्मान काढले. जंगलातल्या प्रत्येक पिल्लाला इंग्रजी आलीच पाहिजे. पळस फुलला की महाराज जातीने शाळेत येणार. प्रत्येक पिल्लाने त्यांच्यासमोर इंग्रजीत पाच वाक्ये बोलायची. जो बोलणार नाही, त्याचे नाव पटावरून कमी.

साळुंकीबाईंना काळजी लागली. स्वतःसाठी नव्हे हो, खवल्यासाठी.

खवल्या हे खवले मांजराचे पिल्लू. डोक्याने तल्लख. कानाने तर त्याहून तल्लख. पण बाईंनी त्याचे नाव घ्यायचा अवकाश, त्याचा लाडू झालेला असे. नाक पोटात, शेपूट नाकावर, वरून खवले. वर्ग हसायचा. हसले की लाडू आणखी घट्ट व्हायचा. तास संपला तरी तो तसाच असायचा, मग होलासर त्याला लोटत गणिताच्या तासाला न्यायचे.

एक दिवस खवल्याची आई शाळेत आली. तीही निम्मी मिटलेलीच होती.

"बाई," ती म्हणाली, "नसेल जमत तर ऱ्हाऊ द्या. आमच्या सात पिढ्यांत कुणी बोललं न्हाई. वारुळं काय कमी हायेत का? खाईल मुंग्या."

"अहो, मुंग्या तो खाणारच आहे," बाई म्हणाल्या. "पण त्याच्या पोटात बोलणं आहे. मला ऐकू येतं ते."

"पोटातलं पोटात ऱ्हायलेलं बरं असतं बाई," आई म्हणाली आणि निघून गेली.

साळुंकीबाईंना त्या रात्री झोप लागली नाही. कसेही करून या पोराकडून पाच वाक्ये बोलवून घ्यायची, असे त्यांनी चोचीशी ठरवले.

अशात एके दिवशी दोन रानडुकरे एक मोठे खोके घेऊन आली. खोक्यात फळा होता. साधासुधा नव्हे, बोलका फळा! उन्हावर चालायचा. ऊन खाल्ले की उजळायचा, चित्रे दाखवायचा आणि इंग्रजीत बोलायचा.

शिक्षकांत एकच गलका झाला.

"पोरं आता पुस्तकाला हात लावणार नाहीत," होलासर म्हणाले.

"आत्ता तरी कुठं लावतात? खातातच ना," वानरसर म्हणाले. ते खेळाचे शिक्षक. वानर असल्यामुळे त्यांना यंत्रातले कळते असा शाळेचा समज होता. खरे म्हणजे त्यांना फक्त बटणे दाबायला आवडत.

"आणि बिघडला तर?" होलासरांनी विचारले.

"बिघडेलच," वानरसर आनंदाने म्हणाले.

"साळुंकीबाई, तुमचं काय मत?" कुणीतरी विचारले.

"आधी त्याला बोलू तरी द्या," बाई म्हणाल्या. "मग माझं मत सांगेन."

सांबरसरांनी मान आणखी खाली घातली. "वरून आलंय," ते म्हणाले. चर्चा संपली.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होते. फळा उजळला आणि म्हणाला, "हॅलो फ्रेंड्स! रिपीट आफ्टर मी!" पिल्ले आनंदाने एकमेकांच्या अंगावर पडली. फळ्याचा उच्चार बाईंपेक्षाही स्वच्छ होता. तसे बाईंनी मनातल्या मनात कबूल केले. कबूल करताना जरा दुखलेच, पण केले.

"गुड मॉर्निंग!" फळा म्हणाला.

आणि लाडवातून बारीक आवाज आला, "गुड मॉर्निंग."

बाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना. त्या उडून लाडवाजवळ आल्या. फळा म्हणाला, "व्हेरी गुड!" लाडू किंचित सैल झाला. नाकाचे टोक दिसू लागले. फळ्याला डोळे नव्हते ना! तो टक लावून बघत नव्हता. तो हसत नव्हता. दहा वेळा चुकले तरी त्याच सुरात "ट्राय अगेन" म्हणायचा. बाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आपल्याला दोन वर्षांत जे जमले नाही ते या पत्र्याने एकाच सकाळी केले, याचे त्यांना वाईट वाटले नाही. मुळीच नाही असे नाही. पण आनंद त्याहून मोठा होता.

"व्हॉट इज युवर नेम?" फळ्याने विचारले.

"माय नेम..." खवल्या म्हणाला.

आणि फळ्याने मान टाकली. सूर्य ढगाआड गेला होता.

खवल्याचे नाक आत जाऊ लागले. शेपूट वर येऊ लागली. आणखी दोन क्षण गेले असते तर दोन वर्षांचा तोच लाडू पुन्हा वळून तयार झाला असता.

साळुंकीबाई भुर्रकन उडाल्या आणि फळ्यामागे जाऊन बसल्या.

"व्हेरी गुड!" फळ्याचा हुबेहूब आवाज आला. "ट्राय अगेन! व्हॉट इज युवर नेम?"

शेपूट थांबली. "माय नेम इज खवल्या," लाडू म्हणाला.

त्या दिवसापासून तसेच सुरू झाले. ऊन असेल तोवर फळा बोले, ऊन गेले की बाई. दाट झाडीतली शाळा ती, ऊन ते कितीसे मिळणार? फळा अर्धा तास बोले, उरलेले साडेतीन तास बाई. फळ्याला फक्त ठरलेले प्रश्न येत होते. समोर बेडूक ओरडला तरी तो "व्हेरी गुड" म्हणायचा. बाई मात्र फळ्याच्या आवाजात विचारायच्या, "आज काय खाल्लंस? कालच्यापेक्षा चांगलं होतं का? शेजारच्या सशाला विचार बरं, त्याने काय खाल्लं?" आणि खवल्या ससुल्याला इंग्रजीत विचारायचा.

बाई फळ्यामागे असतात हे बाकीच्या पिल्लांना कळले नसेल असे नाही. पण पिल्ले शहाणी असतात. बरे चालले आहे त्यात ती तोंड घालत नाहीत.

मग तपासणीला आले मुंगूसराव. हे खात्याचे साहेब. इंग्रजी विषय त्यांच्याकडे होता. त्यांची स्वतःची इंग्रजी कुणी ऐकलेली नव्हती, पण वही फार जाड होती. नेमके त्या दिवशी आभाळ भरून आले होते. साहेब लांबूनच उभे राहून ऐकू लागले. फळा बोलतोय, पिल्ले बोलतायत!

"ऊन नसतानासुद्धा?" साहेब म्हणाले. "सबंध जंगलात असा फळा नाही! बाकीच्या शाळांचे तर दुपारीच झोपतात." आणि ते वहीत भराभरा लिहू लागले.

साळुंकीबाई फळ्यामागून बाहेर आल्या. "साहेब, त्याचं असं आहे..."

सांबरसरांनी मध्येच शिंगे आणली. "बाई," ते हळूच म्हणाले, "साहेब चांगलं लिहितायत. लिहू द्या ना."

बाईंनी चोच मिटली. एवढे एकच करायला नको होते असे त्यांना पुढे फार वाटले. पण साहेब शाळेबद्दल पहिल्यांदाच काही चांगले लिहीत होते, आणि सांबरसरांची मान पहिल्यांदाच थोडी वर आली होती.

आठ दिवसांनी खात्याचे पत्र आले. बोलक्या फळ्याविषयी शिक्षकांची मते हवी होती. प्रत्येक शिक्षकाने मोबाइलवर अर्ज भरायचा होता.

आता त्या शाळेत अर्ज कसे भरत ते तुम्हाला सांगायला हवे. रेंज यायची फक्त ऐनाच्या शेंड्यावर. मोबाइल एकच, वानरसरांचा. ते शेपटीने फांदीला लटकायचे, एका हाताने एक अर्ज भरायचे आणि तोच सगळ्यांच्या नावाने नऊ वेळा पाठवायचे. कुणाची कधी तक्रार आली नाही. नऊ शिक्षकांचे एकमत पाहून खातेही खूश असे. शेजारच्या शाळा तर वानरसरांकडून नमुना उतरवून न्यायच्या.

"यावेळी मी भरणार," साळुंकीबाई म्हणाल्या.

वानरसर चकित झाले. "म्हणजे स्वतः? विचार करून?"

"विचार करून."

बाई शेंड्यावर गेल्या. अर्जात बारा प्रश्न होते. प्रत्येकापुढे तीन पर्याय : सहमत, पूर्णपणे सहमत, आणि शब्द अपुरे पडावेत इतका सहमत.

'फळ्यामुळे लाजरी पिल्ले बोलू लागली आहेत.' खरेच होते. बाईंनी 'सहमत' दाबले. 'फळ्याचे उच्चार स्पष्ट आहेत.' तेही खरे. 'फळा दिवसभर चालतो.' इथे बाई अडल्या. नाही म्हणायला जागाच नव्हती. पुढे जावे तर अर्ज सरकेना. शेवटी त्यांनी डोळे मिटून सर्वांत कमी सहमत असलेले 'सहमत' दाबले.

अर्ध्या दिवसानंतर त्या शेवटच्या चौकटीपाशी पोचल्या. वर लिहिले होते, 'आपले मत मोकळेपणाने मांडा.' बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लिहिले :

'फळा चांगला आहे, पण त्याला ऊन पुरत नाही. तो चालवायला आम्हाला कुणी शिकवलेले नाही. तो कुणालाही व्हेरी गुड म्हणतो. आणि लाजऱ्या पिल्लासाठी त्याच्याजवळ शिक्षक लागतोच लागतो.'

चौकटीत दिसले, 'फळा चांगला आहे'. पुढचे सगळे गळून गेले. मोकळेपणाला तीन शब्दांची मर्यादा होती.

बाईंनी मग 'पण'पासून सुरुवात केली. मोबाइल म्हणाला, 'कृपया सकारात्मक शब्दाने सुरुवात करा.'

"बाई, उरका!" खालून लटकलेले वानरसर ओरडले. "बॅटरी चाललीय आणि माझी शेपूटही!"

बाईंनी 'फळा चांगला आहे' याकडे पुन्हा पाहिले. खोटे तर नाही ना, त्यांनी स्वतःला समजावले. उरलेले साहेबांना तोंडी सांगू. आणि त्यांनी अर्ज पाठवला. मुलांनो, उरलेले तोंडी सांगू असे ठरवले ना, की ते उरूनच राहते.

वानरसरांनी अर्ज वाचला. "बाईंनी अर्धा दिवस विचार केलाय, म्हणजे बरोबरच असणार," असे म्हणून त्यांनी तोच बाकीच्या आठांच्या नावाने पाठवला. शेजारच्या शाळांनीही उतरवून नेला. खात्याकडे दोनशे बारा शिक्षकांचे मत गेले : 'फळा चांगला आहे.'

पळसाला कळ्या आल्या तेव्हा उत्तर आले. सांबरसरांनी कागद वाचला. मग त्यांनी तो बाईंपुढे सरकवला.

बोलका फळा एकट्याने इंग्रजी शिकवतो, असे शिक्षकांनी एकमुखाने कळवल्यामुळे इंग्रजीच्या शिक्षिका साळुंकी या अतिरिक्त ठरल्या होत्या. महाराजांच्या भेटीच्या दिवसापासून त्यांची नेमणूक तळ्याकाठच्या शाळेत झाली होती. विषय : पोहणे.

"सर," बाई म्हणाल्या, "मला पोहता येत नाही."

"बाई, तिथं शिकवायचंय," सांबरसर कळवळून म्हणाले. "पोहायचं थोडंच आहे!" मग त्यांनी मान फिरवली. "वरून आलंय हो. मी काय करू?"

बाईंना राग आला. खात्याचा आला, सांबरसरांचा आला, आणि त्या तीन शब्दांवर सही करणाऱ्या स्वतःचा सगळ्यांत जास्त आला.

पळस फुलला. सिंहमहाराज आले. त्यांच्यामागे दरबार, दरबारामागे मुंगूसराव. शाळेसमोर फुलांची कमान केली होती. मधोमध बोलका फळा पुसून ठेवला होता. पिल्ले रांगेत उभी होती. खवल्याची आई सगळ्यांत मागे, निम्मी मिटून उभी होती. आणि आभाळ? काळेकुट्ट.

साळुंकीबाई बाजूच्या फांदीवर बसल्या होत्या. त्या आता या शाळेच्या नव्हत्या. जाता जाता खवल्याला बघून जाऊ, एवढ्यासाठीच थांबल्या होत्या.

फळ्याची बडबड ऐकून ऐकून बाकीची पिल्ले तयार झाली होती. ती एकेक करून पुढे आली, पाच वाक्ये म्हणून गेली. महाराज मान डोलावत होते. मग सांबरसरांनी नाव पुकारले, "खवल्या!"

खवल्या पुढे आला. समोर एवढी आयाळ, एवढे दात. त्याचे नाक पोटाकडे वळले.

"फळा चालू करा!" मुंगूसराव म्हणाले. "याच फळ्याने या पिल्लाला बोलतं केलंय, महाराज. आता पाहाच."

वानरसरांनी सगळी बटणे दाबली. फळा ढिम्म. महाराजांनी जांभई दिली. मुंगूसरावांना घाम फुटला.

बाईंना लख्ख दिसले. नुसते गप्प बसायचे होते. आणखी थोडा वेळ गेला की बोलका फळा मुका आहे हे सगळ्या जंगलाला कळणार होते. पोहण्याची नेमणूक तिथल्या तिथे रद्द झाली असती. कुणी त्यांना बोल लावला नसता, कारण त्या या शाळेच्या नव्हत्याच. पण खवल्याची शेपूट नाकावर आली होती. त्याची आई त्याला घरी न्यायला दोन पावले पुढेही सरकली होती.

बाईंनी मनातल्या मनात खात्याला एक सणसणीत शिवी हासडली. इंग्रजीतच, गाईडकडून शिकलेली. आणि त्या फळ्यामागे उतरल्या.

"हॅलो, फ्रेंड!" फळा म्हणाला. "व्हॉट इज युवर नेम?"

लाडू थांबला. "माय नेम इज खवल्या."

"व्हेरी गुड! व्हेअर डू यू लिव्ह?"

"आय लिव्ह निअर द रिव्हर." नाक बाहेर आले.

"व्हॉट डू यू ईट?"

"आय ईट अँट्स. अँट्स आर टेस्टी."

चार झाली. आई जागच्या जागी उभी राहिली. पाचवे वाक्य शाळेबद्दल घोकून घेतलेले होते. बाईंनी फळ्याच्या आवाजात विचारले, "डू यू लाइक युवर स्कूल?" आवाज थोडा कापला. फळ्याचा आवाज कधी कापत नाही, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही.

खवल्याच्या मात्र आले. तो पुरता उलगडला. मागच्या दोन पायांवर ताठ उभा राहिला. त्याने फळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. थेट महाराजांच्या डोळ्यांत बघून तो खणखणीत म्हणाला :

"द बोर्ड इज स्लीपिंग. माय टीचर इज बिहाइंड द बोर्ड."

फळ्यामागे साळुंकीबाईंनी वाक्ये मोजली. पाच नव्हे, सहा वाक्ये झाली होती. आणि शेवटची दोन त्यांनी शिकवलेली नव्हती. ती त्याची होती. म्हणजे त्याला सगळे ठाऊक होते! कधीपासून, कोण जाणे. आणि आता महाराजांनाही ठाऊक झाले. भर दरबारात, खणखणीत इंग्रजीत. बाई पंख सावरून बाहेर यायला निघाल्या.

"काय म्हणाला?" महाराजांनी विचारले.

दरबाराने माना डोलावल्या. महाराजांनी मुंगूसरावांकडे पाहिले. साहेबांना 'बोर्ड' ऐकू आले होते आणि 'टीचर' ऐकू आले होते. तेवढ्यावर भागण्यासारखे होते.

"महाराज," ते कमरेत वाकून म्हणाले, "तो म्हणतोय, हा फळाच माझा टीचर आहे."

"वा!" महाराज गरजले. "हार आणा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फळ्याला गळा नव्हता, म्हणून हार खिळ्याला अडकवला. तो एवढा मोठा होता की फळ्यामागेही लोंबला आणि बाई त्याखाली पार झाकून गेल्या. खवल्या ओरडत होता, "नो! नो! बिहाइंड! बिहाइंड!" साहेबांनी वहीत लिहिले : पिल्लू अजून बोलू इच्छिते.

खवल्याचे नाव पटावर राहिले. साळुंकीबाई त्याच दुपारी तळ्याकडे उडून गेल्या. तिथली बदकाची पिल्ले त्यांना फार मान देतात. फक्त, पाण्यात उतरायच्या आधी बाईंना काठावर नीट बसवून घेतात.

तात्पर्य : मुलांनो, इंग्रजी मन लावून शिका, पण साहेबांपेक्षा जास्त शिकू नका. तुम्ही कितीही खरे बोललात, तरी भाषांतर तेच करणार असतात.